चेहरा जुळला, पुढे काय?

दादर स्टेशनच्या गर्दीतून वाट काढत मी इथे पोहोचलो. वर कॅमेरे होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. २६/११ पाहिलेल्या या शहरात २०१६ साली सुमारे ५ हजार कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, ते आपल्याही सुरक्षेसाठी. पण कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली की कॅमेरा नुसता पाहत नाही, चेहरे जुळवू लागतो.

साधा हिशेब करू. समजा, यंत्र हजारात एकदाच चुकतं. लालबागला गणपतीत १० लाख चेहरे तपासले, तर हजार निरपराध माणसं संशयित ठरतील. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं, की ८० टक्क्यांच्या वर साम्य दिसलं की ते चेहरा जुळला असं मानतात. ज्याच्या नावाकडेच आधी संशयाने पाहिलं जातं, त्याला अशी चूक खोडून काढणं किती जड जाईल?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं.

म्हणून आपण लेखी नियम मागू या. चेहरा कुठे तपासला जातो, किती दिवस ठेवला जातो, चूक झाली तर दाद कुठे मागायची, हे कळलं पाहिजे. नुसत्या जुळणीवर कुणाला ताब्यात घेऊ नये. हा हक्क नवसाच्या रांगेतल्या भाविकाचा आहे, तसाच जुम्म्याच्या नमाजाहून परतणाऱ्याचाही.