लॉगिनच्या पडद्यावरचा हरवलेला चेहरा



एकच संगणक आणि वापरणारे चार जण, अशी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. आजोबांची नजर अधू, नातीला अजून अक्षरओळख नाही; पण लिनक्सच्या लॉगिनच्या पडद्यावर दोघंही आपापला फोटो बरोबर हेरतात. एके दिवशी तो फोटो जातो आणि तिथे नाकडोळे नसलेली करडी आकृती येते. फोटोची फाइल तर जागच्या जागी आहे. मग झालं काय?

पासवर्ड टाकेपर्यंत तुम्ही आत आलेलेच नसता. समोरचा पडदा दुसराच कुणी चालवत असतो. जीडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम ही या द्वारपालांची नावं, आणि सहसा त्यांचं वेगळं खातं असतं. तुमचा फोटो मात्र अनेकदा तुमच्या घरात, म्हणजे होम फोल्डरमधल्या ‘.फेस’ नावाच्या फाइलीत असतो. द्वारपालाला उंबरा ओलांडायची मुभाच नसेल, तर त्याला तो दिसणार कसा?

उबुंटूने 2021 साली, 21.04 या आवृत्तीत, नव्याने तयार होणाऱ्या होम फोल्डरची परवानगी 755ऐवजी 750 केली. यातला शेवटचा आकडा परक्यांसाठी असतो. पाचाचं शून्य झालं आणि परक्यांना दार बंद झालं. माझ्या मते हा निर्णय योग्यच, किंबहुना तो फार आधी व्हायला हवा होता. म्हणून फोटो गेला की घाईने पुन्हा 755 करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, तसं करू नका. एका चेहऱ्यापायी घरातली पत्रं आणि हिशेब त्या यंत्रावरच्या कुणालाही चाळता येतील.

त्यापेक्षा फोटोच ओसरीवर आणा. ‘/व्हार/लिब/अकाउंट्ससर्व्हिस’ ही ती ओसरी. तिथल्या ‘आयकॉन्स’मध्ये फोटो ठेवायचा, आणि ‘यूजर्स’मधल्या तुमच्या नावाच्या फाइलीत ‘आयकॉन=’ या ओळीपुढे त्याचा पूर्ण पत्ता लिहायचा. होम फोल्डर कूटबद्ध असेल तर हाच मार्ग, कारण पासवर्डाआधी आतलं काहीच वाचता येत नाही.

एसडीडीएमची तऱ्हा थोडी निराळी. तो होम फोल्डरमध्ये ‘.फेस.आयकॉन’ ही फाइल शोधतो. त्याच्या खात्याला ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने होम फोल्डरमधून फक्त जाण्याची आणि ती एकच फाइल वाचण्याची परवानगी देता येते. शिवाय वापरकर्ते सातापेक्षा जास्त झाले की तो मुळात फोटोच दाखवत नाही. ही मर्यादा त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येते. शाळेच्या संगणककक्षात हे आधी तपासावं.

पण काहीही बदलण्याआधी द्वारपालाच्या डोळ्यांनी पाहा. ‘सुडो -यू’पुढे त्याच्या खात्याचं नाव देऊन ती फाइल वाचायचा प्रयत्न करा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर वाट अडलेली आहे. ‘नो सच फाइल’ आलं तर पत्ता चुकला आहे. जे असेल ते दुरुस्त करा, यंत्र पुन्हा सुरू करा, आणि नातीला पडद्यासमोर बसवा.