सर फिरोजशहा मेहता : नगरसेवा आणि लोकनिष्ठा



सोलापूर नगरपालिकेची स्थापना १८५२ ची. मुंबई इलाख्यात हे नागरी स्वराज्य ज्यांनी जोपासले, त्यांत फिरोजशहा मेहता (१८४५-१९१५) अग्रगण्य होत. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

परंतु त्यांची दृष्टी शहरापुरती सीमित नव्हती. सोलापूरसह दख्खन दुष्काळात होरपळल्यानंतर १९०१ मध्ये सरकारने विधेयक आणले : थकबाकीपोटी सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्याला द्याव्यात, पण विक्री-गहाणाच्या हक्काविना. विरोध निष्फळ ठरताच फिरोजशहांनी सभात्याग केला. पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखलेही उठले. विधेयक संमत झाले. मात्र मतसंख्येत हरलेला प्रतिनिधीही रयतेची बाजू सभागृहात नोंदवू शकतो, हा धडा प्रत्येक पंचायत सदस्याने स्मरणात ठेवावा.