तीन टोकांचा तारा : एका जर्मन नावाचा लौकिक आणि मराठी माणूस

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात टोपी बाजार, लष्कर-ग्वाल्हेर येथे दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीत मोटारीच्या कारखान्यावर व्याख्यान व्हावे, ह्याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रस्तुत विषय यंत्राचा तितकासा नाही. तो लौकिकाचा आहे. एखादे नाव मोठे कसे होते, ते कोणाच्या कष्टांनी मोठे होते आणि मोठे झाल्यावर कोणाच्या कामी येते, हे प्रश्न साहित्याच्या वाचकाला परके नाहीत. शिवाय ज्या नावाविषयी बोलायचे, ते ह्या गावच्या रस्त्यावरूनच गेलेले आहे. आग्रा-मुंबई रस्ता ग्वाल्हेरवरून जातो. धुळे, इंदूर, शिवपुरी करीत येणाऱ्या मालमोटारींच्या नाकावर एके काळी वर्तुळातला तीन टोकांचा तारा असे, आणि खाली 'टाटा मर्सिडीझ-बेंझ' ही अक्षरे. मर्सिडीझ म्हणजे धनिकांची गाडी, हा समज भारतात पुष्कळ नंतरचा. येथे ते नाव प्रथम आले ते गहू, सिमेंट आणि लोखंडी सळ्या वाहणाऱ्या वाहनावर.

मूळ कथा जर्मनीतल्या दोन गावांची आहे. मानहाइम येथील कार्ल बेंझ ह्यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटचा क्रमांक ३७४३५. त्याच वर्षी कानश्टाट येथे गॉटलीब डाइम्लर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख ह्यांनी चारचाकी गाडीला इंजिन बसवले. ह्या दोघा शोधकांनी कधी एकत्र काम केले नाही. त्यांची नावे जोडली गेली ती १९२६ मध्ये, दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाने. तोवर डाइम्लर ह्यांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

ह्या पुरुषांच्या मालिकेत एका स्त्रीचे स्थान मात्र बाजूला सारता येत नाही. बेर्टा बेंझ ह्यांनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याचा काही भाग कार्ल ह्यांच्या भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यासाठी दिला होता. हुंड्याचा इतका सत्कारणी विनियोग क्वचितच झाला असेल! यंत्र तयार झाले, पण गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पतीला न सांगता बेर्टाबाईंनी दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटरवरील फोर्ट्सहाइम ह्या माहेरच्या गावी मोटार हाकीत नेली. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉईन नावाचे डाग काढण्याचे द्रव घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकवून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर ह्या अनुभवातून गाडीत सुधारणा झाल्या. लौकिकाचा पाया कागदावरच्या पेटंटाने घातला की ह्या माहेरवाशिणीने, असा प्रश्न विचारला तर उत्तर दुसऱ्या बाजूला झुकेल.

आता 'मर्सिडीझ' ह्या नावाकडे वळावे. हे नाव कोणा अभियंत्याचे नव्हे, एका मुलीचे. एमिल येलिनेक हे नीस येथे वावरणारे धनाढ्य व्यापारी डाइम्लरच्या मोटारी विकत आणि आपल्या मुलीचे 'मर्सिडीझ' हे नाव टोपणनाव म्हणून घेऊन शर्यतीत उतरत. अधिक वेगवान, बुटकी, स्थिर गाडी करून द्या, असा त्यांनी कंपनीला तगादा लावला. मायबाख ह्यांनी ती केली. १९०१च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने इतरांना मागे टाकले आणि १९०२ मध्ये मुलीचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. ह्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'कृपा'. तारा आला तो १९०९ मध्ये. डाइम्लर ह्यांनी पूर्वी पत्नीला पाठवलेल्या पत्रात घरावर तारा काढला होता, त्याची आठवण त्यांच्या पुत्रांनी ठेवली. जमीन, पाणी आणि आकाश ह्या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत, अशी त्या तीन टोकांची फोड करण्यात येते.

येथे इतिहास एक विदारक वळण घेतो. एमिल येलिनेक ह्यांचे वडील व्हिएन्नातील नामांकित ज्यू धर्मगुरू होते. म्हणजे 'मर्सिडीझ' हे एका धर्मगुरूच्या नातीचे नाव. आणि १९३०नंतरच्या दशकात त्याच नावाच्या उघड्या मोटारीत उभा राहून हिटलर जनसमुदायाचे मुजरे स्वीकारीत होता. महायुद्धाच्या काळात कंपनीने युद्धसामग्री केली आणि ती करण्यासाठी वेठबिगार वापरली. १९४४च्या अखेरीस तिच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे लोक सक्तीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. कंपनीने ह्या काळाचे संशोधन करून घेतले ते १९८०नंतर, म्हणजे चाळीस वर्षे लोटल्यावर. मोटारीच्या दर्शनी भागाविषयी लिहिणाऱ्या रंगीत पुस्तकांत हे प्रकरण दोन ओळींत आटोपते. ते तसे आटोपणे योग्य नव्हे. कारण पुढे ज्या 'जर्मन कसोशी'चे गोडवे गायिले गेले, त्या कसोशीला ह्या वर्षांत कोणतीही आज्ञा सारखीच पार पाडण्याची सवय होती.

युद्धात कारखान्यांची राखरांगोळी झाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत ह्या कंपनीचा भारताशी करार झाला, तो ह्या कथेतला आपला भाग.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३च्या सुमारास धोरण आखले, की नुसते परदेशी सुटे भाग जोडून मोटारी विकणाऱ्यांना येथे स्थान नाही. जो येथे घडवील त्याने राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनी काढता पाय घेतला. जमशेदपूरची टेल्को ही टाटांची कंपनी १९४५ मध्ये रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी स्थापन झाली होती. तिने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिली मालमोटार बाहेर पडली. ह्या उद्योगाचे सुकाणू ज्यांच्या हाती होते ते सुमंत मूळगावकर. मुंबईत १९०६ मध्ये जन्मलेला हा मराठी अभियंता सिमेंटच्या उद्योगातून टेल्कोत आला होता.

कराराची मुदत पंधरा वर्षे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उसन्या नावाने व्यापार करणाऱ्याला मुदत संपण्याची भीती वाटते आणि तो मुदतवाढीसाठी धावतो. मूळगावकरांनी वेगळा मार्ग धरला. दरवर्षी अधिकाधिक भाग येथेच घडतील, ह्यावर त्यांचा कटाक्ष होता. १९६१ मध्ये टेल्कोच्या गाड्या सिलोनला निर्यात होऊ लागल्या. १९६६ पासून पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर नवा कारखाना उभा राहू लागला. तेथे प्रथम मोटारी नव्हे, तर मोटारी घडवणारी हत्यारे, साचे आणि ती हाताळणारी माणसे तयार करण्यात आली. पहिली मालमोटार पुण्यातून निघाली ती १९७७ मध्ये. दहा वर्षे हत्यारांत आणि शिक्षणात घालवणारा कारखानदार त्या काळी अनेकांना अव्यवहारी वाटला असल्यास आश्चर्य नाही. त्या माळावर त्यांनी झाडे लावून घेतली, तळे करवले. दुपारच्या जेवणाला ते अधूनमधून हमरस्त्यावरच्या ढाब्यावर जात आणि ट्रकचालकांची गाऱ्हाणी ऐकत, अशी आख्यायिका सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, लोकांनी ती ह्याच माणसाविषयी रचावी हे पुरेसे बोलके आहे.

१९६९ मध्ये करार संपला. नाकावरचा तारा उतरला. त्या वर्तुळात 'टी' हे अक्षर आले. गाडी तीच, पण खात्री देणारे नाव गेले. ज्याने कर्ज काढून मालमोटार घ्यायची, त्या पंजाब्याने किंवा माळव्यातल्या व्यापाऱ्याने आता कशावर विसंबावे? प्रश्न खडतर होता. परंतु गिऱ्हाईक टळले नाही. तारा गेल्यावरही नाकाडी '१२१०' रस्त्यावर तशीच धावत राहिली आणि चालकांच्या तोंडी पुष्कळ वर्षे 'मर्सिडीझ'च राहिली. ('१२१०' हे आकडे जर्मन पद्धतीचे : पहिले दोन टनांतल्या एकूण वजनाचे, पुढचे दोन अश्वशक्तीच्या दशांशाचे. १९८६ मध्ये आलेल्या '४०७' ह्या लहान गाडीच्या नावातही तीच रीत टिकली आहे.) जर्मन नावाने येथे विश्वास उसना दिला हे खरे; परंतु तो फेडला तो जमशेदपूर आणि पुण्याच्या कामगारांनी.

एक अवांतर गोष्ट भाषेच्या अभ्यासकांसाठी. महाराज बाड्यावरून मुरारकडे जाताना आपण ज्याला 'टेम्पो' म्हणतो, तो शब्दही जर्मन कंपनीचाच. हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' कारखान्याच्या सहकार्याने अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक वकील नवलमल फिरोदिया ह्यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली. पुढे तिचा कारखाना आकुर्डीला आला. हॅम्बुर्गचा तो उद्योग कालांतराने डाइम्लर-बेंझच्या पोटात गेला, आणि तीच आकुर्डीची कंपनी १९९७ पासून मर्सिडीझच्या भारतातील मोटारींसाठी इंजिने जोडू लागली. कंपनीने २००५ मध्ये 'टेम्पो' हे नाव टाकले. मराठीने आणि ग्वाल्हेरच्या हिंदीने ते टाकलेले नाही. दुसऱ्याच कारखान्याच्या तीनचाकीलाही लोक बिनदिक्कत 'टेम्पो' म्हणतात. नावाचा मालक कोण, हे न्यायालय एक ठरवते आणि बाजार दुसरे.

तारा पुन्हा आला तो धनिकांच्या दारी. १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीझ-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात प्रवासी मोटारींची जोडणी सुरू झाली. युरोपात त्याच वर्षी नवी आवृत्ती आली होती; येथे देण्यात आली ती जुनी. ज्यांना ती परवडत होती ते परदेशी जाऊन-येऊन होते. त्यांना फरक कळला. विक्री बेतानेच झाली. नावाच्या भरवशावर जुना माल खपवता येतो, हा अंदाज चुकला. नंतर कंपनीने टेल्कोचा हिस्सा घेतला, २००९ मध्ये चाकणला शंभर एकरांवर स्वतःचा कारखाना काढला आणि नवी आवृत्ती येथेही लवकर देण्याचा परिपाठ ठेवला. २०२४ मध्ये देशात तिच्या १९ हजारांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या.

लौकिकाची खरी परीक्षा चुकीच्या प्रसंगी होते. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका पत्रकाराने कंपनीची नवी लहान मोटार वळणावर अचानक फिरवली, तेव्हा ती उलटली. आधी कंपनीने कुरकुर केली. मग विक्री थांबवली, घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व गाड्यांत बसवली, विकलेल्यांतही बसवून दिली. ह्या उलट २०२० मध्ये डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतील लबाडीच्या आरोपांवरून अमेरिकेत दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य करावी लागली, आणि तिथे कोणी पुढे होऊन दुरुस्ती केलेली नव्हती. एकाच घराची ही दोन वागणी.

महाराष्ट्रात ह्या नावाची सर्वांत गाजलेली घटना ऑक्टोबर २०१० मधली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीझ एकाच वेळी घेतल्या. किंमत सुमारे पासष्ट कोटी. हेतू असा सांगितला गेला की, आपल्या शहराला कोणी मागास म्हणू नये. पुणे-मुंबईच्या छायेत राहिलेल्या गावाची ही ईर्षा समजण्यासारखी आहे. ती हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु बहुतेक गाड्यांना सरकारी बँकेचे कर्ज सवलतीच्या व्याजाने मिळाले, आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला व्याजाचा दर बराच अधिक पडत होता, ही तफावत पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी त्याच वर्षी मांडली. मालमोटारीच्या नाकावरून जो तारा शेतमालाबरोबर गावोगाव गेला, तो आता शेतकऱ्यापासून किती अंतरावर उभा होता, हे त्या दोन व्याजदरांतून मोजता येते. ग्वाल्हेरकरांनीही फार दूर बोट दाखवू नये. १९०५ मध्ये माधव महाराजांनी गुराढोरांसाठी भरवलेल्या आपल्या मेळ्यात, राज्य शासन ज्या वर्षी रस्ता-करात निम्मी सूट देते, त्या वर्षी आलिशान मोटारी घेण्यासाठी परगावचे लोकही येतात.

त्याच २०१० मध्ये, मार्च महिन्यात, डाइम्लरने टाटा मोटर्समधील आपला उरलेला हिस्सा विकून टाकला आणि १९५४चे नाते संपले. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, जर्मन मालमोटारी चेन्नईजवळच्या कारखान्यातून 'भारतबेंझ' ह्या नावाने टाटांच्या समोर उभ्या राहिल्या. जर्मनीतही घर वाटले गेले : २०२१च्या डिसेंबरात मालमोटारींची कंपनी वेगळी झाली, 'डाइम्लर' हे नाव तिच्याकडे गेले, आणि प्रवासी मोटारींच्या कंपनीने २०२२ पासून एमिल येलिनेक ह्यांच्या मुलीचे आणि बेर्टाबाईंच्या सासरचे नाव तेवढे ठेवले. त्याच वर्षी चाकणमधून ह्या कंपनीची पहिली विजेवर चालणारी मोटार जोडून बाहेर पडली. आग्रा-मुंबई रस्त्यावर मात्र अजून टाटांची मालमोटार आणि भारतबेंझ एकमेकींना मागे टाकीत जाताना दिसतात. एकीच्या नाकावर टाटांचे चिन्ह, दुसरीच्या नाकावर बेंझ.