कळसूबाई उजेडात चढावी

थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींत कळसूबाई-भंडारदऱ्याचा बेत शिजतो. रात्री गाडी काढायची, बारी गावातून विजेरीच्या उजेडात चढायचं, शिखरावर सूर्योदय पाहायचा, मग भंडारदरा तलाव, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर उरकून रात्री परत. माझं म्हणणं असं, की डोंगर आणि तलाव एकाच दिवशी जरूर पाहावेत. पण डोंगर उजेडात चढावा आणि यादीतली बाकीची नावं खुशाल खोडावीत. कारण इथे डोंगराशिवाय तलाव कळत नाही.

कळसूबाई 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. चढताना सपाटी, मग उभा कातळ, पुन्हा सपाटी, असे टप्पे लागतात. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्री घडला, त्याची ती खूण आहे. लोखंडी शिड्या लावाव्या लागल्या त्या अशाच उभ्या कातळांवर. हा सगळा इतिहास रात्री पायांखालून निघून जातो. माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. अरबी समुद्रावरून आलेले ढग या घाटमाथ्यावर रिते होतात, आणि रतनगडाच्या बाजूने येणारी प्रवरा नदी इथे 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने अडवली आहे. तिथून हे पाणी कालव्यांनी पूर्वेच्या कमी पावसाच्या मुलखात जातं. लोणी-प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या उसावर उभा राहिला, तो या पाण्यावर पिकला. आणि ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते गावही याच प्रवरेच्या काठी. वरून हे खोरं नीट पाहिलेला माणूस धरणाच्या भिंतीपाशी नुसता फोटोपुरता थांबणार नाही.

कुणी म्हणेल, सूर्योदयाचं काय? तो सुंदर असतोच, पण त्यासाठी अख्खी चढण अंधाराला द्यावी लागते आणि दुपारी तलावाकाठी डोळे मिटू लागतात. उन्हाचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून हिवाळा निवडावा, आदल्या रात्री बारीत मुक्काम करावा आणि झुंजूमुंजू होताच निघावं. सुट्टी एकच असते, हेही मान्य. पण म्हणूनच ती चार ठिकाणी वाटून टाकू नये. राहिला गावकऱ्यांच्या कमाईचा प्रश्न. मुक्कामाला राहणारा, दुपारी पिठलं-भाकरी खाणारा पाहुणा गावात पैसे ठेवून जातो. घाईतला पाहुणा बहुधा वेफर्सची पाकिटं टाकून जातो. शिवाय जेवायला बसलेल्या माणसाला यजमानाशी बोलायला सवड असते. त्याने पाण्याची चौकशी जरूर करावी. पावसाळ्यात ढगांत बुडणाऱ्या या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, आणि धरणाचा जलाशय तर त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.