उत्तरायुष्याचा अर्थसल्ला : विश्वास आणि पडताळणी



2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण 8.6 टक्के होते आणि महाराष्ट्रात ते 9.9 टक्के होते. वृद्धांची संख्या वाढत असतानाच त्यांच्या उत्पन्नाचे स्वरूपही बदलत गेले. केंद्र सरकारच्या सेवेत 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पासून दाखल झालेल्यांना रकमेची हमी देणाऱ्या जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर, म्हणजे पगारातून जमा होणाऱ्या व बाजारात गुंतवल्या जाणाऱ्या निधीवर आधारलेली योजना लागू झाली. त्यात पुढे काही सुधारणा झाल्या आणि पर्यायही आले. पण खासगी नोकरीतील बहुसंख्यांच्या वाट्याला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची जी रक्कम येते, तिची किमान मर्यादा 2014 पासून दरमहा 1,000 रुपये एवढीच आहे. परिणामी भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचे पैसे अशी एकरकमी पुंजी हातात घेऊन माणूस निवृत्त होतो आणि त्या पुंजीतून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे मासिक उत्पन्न उभे करण्याचे, आयुष्यात कधीही न केलेले काम त्याच्यावर येऊन पडते.

नेमक्या निवृत्तीच्याच महिन्यात सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. बँकेतील अधिकारी, विमा एजंट, म्युच्युअल फंडाचे वितरक, पतसंस्थेचे संचालक आणि नात्यातील जाणकार यांपैकी प्रत्येक जण आपुलकीने बोलत असतो आणि अनेकांची आपुलकी खरीही असते. मात्र सल्ल्याची दिशा पुष्कळदा मोबदल्याच्या वाटेने जाते, हे या क्षेत्राच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. 2009 मध्ये डी. स्वरूप यांच्या अध्यक्षतेखालील समितीने किरकोळ गुंतवणूकदारांना विकल्या जाणाऱ्या उत्पादनांतून कमिशन टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली, तर 2015 मध्ये सुमित बोस समितीने चुकीच्या विक्रीचे, म्हणजे ग्राहकाच्या गरजेशी न जुळणारे उत्पादन त्याच्या गळी उतरवण्याचे मूळ विक्रेत्याला मिळणाऱ्या प्रलोभनांत शोधले. सत्तरीच्या गृहस्थाला दहा वर्षे हप्ते भरावे लागणारी विमा योजना विकली जाते, तेव्हा विकणाऱ्याचा स्वभाव वाईट असेलच असे नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मिळणारे भरघोस कमिशन एवढे कारणही त्या विक्रीला पुरते.

या दुखण्यावर कायद्याने काढलेला उपाय म्हणजे भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे गुंतवणूक सल्लागार विनियम, 2013. या विनियमांनी नोंदणीकृत सल्लागारावर विश्वस्ताचे कर्तव्य सोपवले; म्हणजे ग्राहकाचे हित स्वतःच्या हितापुढे ठेवणे, हितसंबंधांचा संघर्ष असल्यास तो उघड करणे आणि ग्राहकाची जोखीम पेलण्याची क्षमता तपासूनच सल्ला देणे त्याला बंधनकारक झाले. 2020 च्या दुरुस्तीने एकाच ग्राहकाला शुल्क घेऊन सल्ला देणे आणि कमिशन घेऊन उत्पादन विकणे या दोन्ही गोष्टी एकत्र करण्यास मनाई केली, लेखी करार आवश्यक ठरवला, शुल्कावर कमाल मर्यादा घातली आणि ते रोखीने न घेता बँकेमार्फत घेण्याचे बंधन आणले. त्यामुळे ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होणारा सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आणि ‘एआरएन’ हा म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक यांतील भेद प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला ठाऊक असायला हवा. सल्लागाराचा क्रमांक सेबीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळून पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण बनावट प्रमाणपत्रे व्हॉट्सॲपवरून सर्रास फिरवली जातात.

मोबदल्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. म्युच्युअल फंडांत 1 जानेवारी 2013 पासून वितरकाच्या कमिशनविना थेट योजना उपलब्ध आहेत. कमिशन समाविष्ट असलेली नियमित योजना आणि थेट योजना यांच्या खर्चात एका टक्क्याचे अंतर असेल, तर 50 लाखांच्या पुंजीवर ते वर्षाला 50,000 रुपये होते आणि हा खर्च गुंतवणुकीच्या मूल्यातूनच वजा होत असल्याने ग्राहकाला तो वेगळा दिसत नाही. म्हणूनच वर्षाला पंधरा-वीस हजारांचे शुल्क मागणारा सल्लागार महाग आणि ‘फुकट’ सल्ला देणारा स्वस्त वाटतो. तरीही कमिशनवर काम करणारा प्रत्येक जण अविश्वसनीय मानणे अन्यायाचे होईल. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांची संख्या देशभरात हजाराच्या आसपासच घुटमळत असून ते मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटले आहेत. तालुक्याच्या गावी पतीच्या निधनानंतर पत्नीच्या नावावर गुंतवणूक करून देण्यासाठी कागदपत्रांमागे धावणारा माणूस बहुधा वितरक किंवा विमा एजंटच असतो. शुल्काची पद्धत ही विश्वासाची पहिली कसोटी आहे, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल.

दुसरी कसोटी सल्ल्याच्या व्याप्तीची आहे, आणि या व्यवसायातील बहुतेक आराखडे तेथे तोकडे पडतात. आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा खर्च देतो. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरील सर्वांना खुली झालेली आयुष्मान भारत योजनेची पाच लाख रुपयांची सोयदेखील रुग्णालयापुरतीच आहे. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा कंपवात यांत मात्र खरा खर्च रुग्णालयातून घरी आल्यावर सुरू होतो : शुश्रूषा ब्यूरोमार्फत येणारी दिवसपाळीची व रात्रपाळीची मदतनीस, भाड्याचा पलंग, डायपर, फिजिओथेरपी, अखेरीस निवासी शुश्रूषा केंद्र. या खर्चाला विम्याचे छत्र जवळजवळ नसते आणि तो किती वर्षे चालेल हे कोणी सांगू शकत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके, म्हणजे 30 लाख रुपये, 8.2 टक्के व्याजाने ठेवले तर महिन्याला सरासरी 20,500 रुपये मिळतात आणि पाच वर्षे ते तेवढेच राहतात. उलट घरच्या शुश्रूषेचा खर्च दरमहा 40,000 रुपये असून तो वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर नऊ वर्षांत तो दुप्पट होतो. हे दोन आकडे शेजारी मांडून ग्राहकाशी बोलण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, तो गुंतवणुकीचा जाणकार असला तरी वार्धक्याचा सल्लागार ठरत नाही. मुदत ठेवींच्या मर्यादाही ग्राहकासमोर अशाच स्पष्ट मांडायला हव्यात. 4 फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, त्यात सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली, तेव्हा सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याचा अर्थ अनेक वृद्ध ठेवीदारांना कळला.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. ग्राहकाला स्वतः विचार करणे अशक्य होईल त्या दिवसाची तयारी सल्लागाराने करून घेतली आहे का, हा तो प्रश्न होय. अनेक कुटुंबे कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की तिने दिलेला अधिकार संपुष्टात येतो, म्हणजे गरज उभी राहते त्याच वेळी तो कागद निरुपयोगी होतो आणि कुटुंबाला पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. नामनिर्देशनाविषयीही असाच गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते आणि मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीच्या संदर्भात 1983 मध्ये आणि शेअरच्या संदर्भात डिसेंबर 2023 मध्ये मांडली आहे. राहते घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देताना सांभाळण्याची अट कागदावर यावी, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते. सल्लागाराने वकील होण्याची गरज नाही. मात्र हे प्रश्न वेळेवर उपस्थित करून ग्राहकाला वकिलाकडे पाठवणे त्याच्या कर्तव्यात मोडते.

या तिन्ही कसोट्यांच्या मुळाशी एकच विचार आहे. अन्य व्यवसायांत ग्राहक अनुभवाने शहाणा होतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. वार्धक्याच्या अर्थसल्ल्यात चूक उघडी पडेपर्यंत ती दुरुस्त करण्याइतका काळ हाती उरत नाही आणि कधी ती ओळखण्याची शक्तीही उरत नाही. म्हणून येथे सल्लागाराच्या सज्जनपणावर सारी भिस्त ठेवणे गैर आहे. ज्याचे काम तिसऱ्या माणसाला तपासता येते, तोच विश्वासार्ह सल्लागार, आणि ही तपासणी सोपी करून ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाहून अधिक व्यवसायाची आहे. ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात न घेणे, कोऱ्या अर्जावर सह्या न घेणे, पासवर्ड व ओटीपी न मागणे आणि प्रत्येक शिफारशीचे कारण लेखी देणे हे त्या जबाबदारीचे किमान रूप आहे.

त्या दृष्टीने अर्थनियोजनाच्या व्यवसायातील सहकाऱ्यांच्या या अधिवेशनापुढे चार प्रस्ताव विचारार्थ ठेवले जात आहेत. निवृत्तीच्या प्रत्येक आराखड्यात दीर्घकालीन शुश्रूषेचे स्वतंत्र प्रकरण असावे. ग्राहक सक्षम असतानाच त्याच्या संमतीने विश्वासातील एका व्यक्तीचे नाव नोंदवले जावे आणि वर्षातून एकदा एकूण मालमत्ता, झालेले बदल व घेतलेला मोबदला यांचा एका पानाचा मराठी गोषवारा दोघांनाही धाडला जावा. मुले परदेशी असणाऱ्या कुटुंबांना याचा विशेष उपयोग होईल. पुंजीच्या मोठ्या हिश्शाविषयीचा कोणताही निर्णय सल्ला दिल्यापासून पंधरा दिवस उलटल्याखेरीज अमलात आणला जाऊ नये. आणि ज्यांची पुंजी दहा-पंधरा लाखांचीच आहे त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहकार्याने तालुक्याच्या ठिकाणी माफक, ठरावीक शुल्काची सल्लाकेंद्रे चालवली जावीत, कारण चुकीच्या सल्ल्याचा फटका सोसण्याची ऐपत त्यांच्यातच सर्वांत कमी असते.

या प्रस्तावांमुळे व्यवसायाचे काही उत्पन्न घटेल आणि कामाचा व्याप वाढेल, हे गृहीत धरूनच ते मांडले आहेत. त्यांवर प्रतिनिधींनी रोखठोक चर्चा करावी, मतभेद असतील तेथे दुरुस्त्या सुचवाव्यात आणि समारोपापूर्वी त्यांतील निदान एकाला ठरावाचे रूप द्यावे, अशी विनंती आहे.