डोहाळजेवण: आधी तिला विचारा

मैत्रिणींनो, सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं की बागेतलं, चांदण्यातलं की होडीतलं, ही चर्चा सुरू होते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होडी छान शोभते. पुठ्ठ्याची होडी कापा, कडांना विणलेल्या झावळ्या लावा, जुन्या साडीचं शीड उभारा. थर्माकोल नको; राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीला बंदी आहे. फुलांचे दागिने हलके, अबोलीचे करा. होडीत पाठ टेकायला खुर्ची हवीच. झाकल्या वाट्यांत बर्फी-पेढा जरूर ठेवा, पण मुलगा की मुलगी हे विचारू नका. दोन्ही तिला खाऊ द्या. डोहाळे म्हणजे तिची इच्छा. म्हणून सजावटीआधी तिलाच विचारा. आणि ती दमली, तर लवकर ओटी भरून तिला विश्रांती घेऊ द्या.