अंगण खरंच वाकडं होतं : घरचं इंटरनेट आणि खेळातला लॅग

आज मी तुमच्याशी एका अशा विषयावर बोलणार आहे ज्यावरून आमच्या न्यू जर्सीच्या घरात तीन महिने धुसफूस चालू होती. तुमच्या घरी आठवी-नववीतलं मूल असेल आणि ते ऑनलाइन गेम खेळत असेल, तर ती धुसफूस तुमच्याही ओळखीची असेल. आतून आरोळी येते, "बाबा, लॅग आला! कोण काय करतंय?" आणि आपण बाहेरून म्हणतो, "हरलास की लॅग येतो का रे तुला?"

आमचे चिरंजीव दर शनिवारी सकाळी दहाला पुण्यातल्या आतेभावाबरोबर खेळतात. उन्हाळ्यात आपले सकाळचे दहा म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. दोघांच्या कानाला हेडफोन, आणि दीड तास अखंड मराठी! खरं सांगतो, आठवड्यात तो सगळ्यात जास्त मराठी बोलतो ते या दीड तासात. आपण इतक्या हौसेनं मराठी शाळेत नेतो, पण "अरे मागे बघ, मागे!" हे तो तिथे शिकत नाही.

तर हा खेळ मध्येच अडकायचा. चित्र थिजायचं, अर्ध्या सेकंदानं एकदम उडी मारायचं, आणि तोवर हा मेलेला असायचा. दर वेळी तो चिडायचा आणि मी दर वेळी म्हणायचो, "नाचता येईना, अंगण वाकडं." एका शनिवारी त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "दादाला सांगा, मी आता खेळत नाही. माझ्यामुळे तो पण हरतो." तेव्हा मात्र मी जागा झालो.

आधी मी काय केलं ते सांगतो, कारण तीच चूक बहुतेक जण करतात. मी कंपनीला फोन करून मोठा प्लॅन घेतला. ३०० मेगाबिटचा ६०० झाला, बिल वाढलं, आणि लॅग होता तिथेच राहिला.

असं का, ते समजून घेऊ. वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग म्हणजे नळाची तोटी किती रुंद आहे. विलंब म्हणजे तोटी उघडल्यावर पहिला थेंब यायला किती वेळ लागतो. सिनेमा बघायला वेग लागतो. गेमला वेग फारच कमी लागतो, बहुतेक वेळा एक मेगाबिटही पुरतो. त्याला लागतो तो कमी आणि स्थिर विलंब. हा विलंब मिलिसेकंदात मोजतात आणि त्याला पिंग म्हणतात. पिंग कायम ९० असेल तर हाताला त्याची सवय होते. पण ९०चा मध्येच ५०० झाला की कुणीही हरेल. या अचानक उडीलाच मुलं लॅग स्पाइक म्हणतात.

आता ही उडी कुठे येते ते शोधायचं. तीनच जागा आहेत. एक, घरातलं वायफाय. दोन, घरातून बाहेर जाणारी लाइन. तीन, त्यापलीकडचं जग. क्रमानं जाऊ या.

पहिली पायरी फुकट आहे : वही घ्या. लॅग आला की घड्याळ बघून वेळ लिहायची आणि त्या क्षणी घरात कोण काय करत होतं तेही लिहायचं. मी मुलाला हे काम दिलं. दोन शनिवारांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतली एकही संध्याकाळची नव्हती, सगळ्या सकाळी दहा ते साडेअकरामधल्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी, वायफाय बाजूला काढणं. राउटरपासून गेमच्या मशीनपर्यंत एका दिवसापुरती लांब इथरनेट केबल टाका. जिन्यावरून लोंबकळली तरी चालेल, फक्त कुणी अडखळून पडणार नाही एवढं बघा. केबल लावल्यावर लॅग गेला तर दोष वायफायचा. आपल्याकडे राउटर बेसमेंटमध्ये आणि मूल दुसऱ्या मजल्यावर, हे नेहमीचंच. तसं असेल तर राउटर वर आणा, मशीन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका. २.४चा पट्टा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायनं भरलेला असतो आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. तो पट्टा वापरावाच लागला तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते घ्या. आणि भिंतीत टीव्हीची गोल कोअ‍ॅक्स केबल आधीच असेल, तर मोका नावाचे दोन अ‍ॅडॅप्टर लावून त्याच केबलवरून इंटरनेट वरच्या मजल्यावर नेता येतं. भिंत फोडावी लागत नाही.

आमच्याकडे केबल लावूनही लॅग आला. म्हणजे वायफाय निर्दोष.

तिसरी पायरी, मोजणं. याला फार ज्ञान लागत नाही. लॅपटॉपही केबलनं राउटरला जोडा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅकवर टर्मिनल. इंग्रजीत पिंग हा शब्द टाइप करा, जागा सोडा आणि राउटरचा पत्ता लिहा. तो बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. विंडोजवर पिंगनंतर जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर टाका, म्हणजे मोजणी चालूच राहते. थांबवायला कंट्रोल आणि सी. आता दुसरी खिडकी उघडा आणि तिथे ८.८.८.८ हा पत्ता द्या. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, म्हणजे आपल्या दृष्टीनं बाहेरचं जग. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून मुलाला खेळायला बसवा.

लॅग आल्यावर राउटरची खिडकीही उसळली, तर दोष घरात. राउटर शांत आणि बाहेरचीच उसळली, तर दोष लाइनीत किंवा त्यापलीकडे. आमच्याकडे राउटर एकाच्या वर जात नव्हता, आणि बाहेरचा आकडा १८ वरून एकदम ४००च्या वर गेला. काही सेकंद तिथेच राहिला आणि पुन्हा १८. मी खुर्चीत सरसावून बसलो. पोरगा खरं बोलत होता.

मग चौथी पायरी : त्या वेळी घरातून बाहेर काय चाललं होतं? राउटरच्या पानावर कोणतं मशीन किती पाठवतंय ते दिसतं. पहिल्या नंबरावर कोण होतं सांगू? माझा स्वतःचा कॉम्प्युटर. आठवडाभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायचं काम मीच तीन महिन्यांपूर्वी लावून ठेवलं होतं. दर शनिवारी, सकाळी दहा वाजता.

फोटो चढवल्यानं गेम का अडकतो? केबल कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये आत येणारी लाइन रुंद आणि बाहेर जाणारी अगदी अरुंद असते. मी पैसे भरून आतली ३०० ची ६०० केली. बाहेरची मात्र २० मेगाबिट होती ती २०च राहिली. आता शनिवारी सकाळी खालापूरचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. माझे फोटो म्हणजे ट्रकांची रांग, आणि मुलाच्या गेमचा निरोप म्हणजे मागे अडकलेली छोटी गाडी. तिला द्यायचे आहेत दोनच रुपये, पण पुढचे ट्रक सुटेपर्यंत ती हलत नाही. मॉडेममध्ये अशी रांग साठवायला जागा असते. एक मेगाबाइट माल रांगेत साठला तर तो झाला ८ मेगाबिट. २० मेगाबिटच्या लाइनीतून तो जायला लागतात ४०० मिलिसेकंद. आमच्या १८ मध्ये हे ४०० मिळवा, हिशोब जुळतो.

या दुखण्याला बफरब्लोट असं नाव आहे. जिम गेटिस या अभियंत्यानं साधारण २०१०-११ च्या सुमारास ते चर्चेत आणलं. तुमच्याकडे ते आहे का, हे बघायला वेव्हफॉर्म कंपनीची फुकट बफरब्लोट चाचणी आहे. ती शाळेसारखी श्रेणी देते. साधी स्पीड टेस्ट पुरत नाही, कारण लाइन भरलेली असताना विलंब किती वाढतो हे बघायचं असतं.

उपाय दोन. पहिला फुकट : फोटो, बॅकअप, गेमचे अपडेट हे सगळं रात्री दोनला लावा, आणि त्या प्रोग्रॅममध्ये अपलोडला मर्यादा घाला. दुसरा, राउटरमध्ये एसक्यूएम ही सोय असेल तर ती चालू करा. काही राउटरमध्ये ती स्मार्ट क्यू या नावानं असते. तिला आपल्या मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा द्यायचा. आमच्या २० साठी आम्ही १८ दिला. मग रांग मॉडेममध्ये साचतच नाही. राउटर रांग आपल्या ताब्यात घेतो आणि छोट्या गाडीला वेगळी खिडकी उघडतो. वेग थोडा कमी होतो, पण आता फोटो चढत असतानाही आमचा पिंग २५च्या आसपास राहतो.

तुमच्या वहीत मात्र नोंदी रोज रात्री आठ ते अकराच्या निघाल्या आणि घरातून काहीच जात नसेल, तर गल्लीतली सामायिक केबल भरलेली असू शकते. तेव्हा कंपनीला फोन करताना "इंटरनेट स्लो आहे" असं म्हणू नका. तारीख, वेळ, राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, आणि केबल लावून मोजलंय, एवढं सांगा. मग "मॉडेम बंद करून चालू करा" याच्या पुढे बोलणं सरकतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सुधारता येत नाही, ती म्हणजे अंतर. न्यू जर्सी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि तारा सरळ जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात २०० आणि वर. मुंबईचा सर्व्हर घेतला तर आपलं मूल अडखळतं, इथला घेतला तर तिकडचं. म्हणून या दोघांनी युरोपातला सर्व्हर निवडला. थोडा त्रास याला, थोडा त्याला. भावाभावांत वाटणी अशीच व्हावी.

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलला आवाज तुटतो, त्यालाही बऱ्याचदा हेच कारण असतं. तेव्हा घरात गेमर नसला तरी हे मोजून बघा.

त्या शनिवारी मी मुलाच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "बाळा, अंगण खरंच वाकडं होतं. मीच केलं होतं." तो हसला, आणि म्हणाला, "मग तीन महिन्यांच्या मॅचेस परत द्या." त्या काही देता येत नाहीत. पण पुढच्या शनिवारी दहाला आतून आवाज आला, "अरे मागे बघ, मागे!" आणि मी माझा कॉम्प्युटर बंदच ठेवला.

तुमचं मूल पुढच्या वेळी "लॅग आला" म्हणालं, तर रागावण्याआधी वही काढा.